नाल्यावरची पाटी

त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, की नाल्याचा वास वस्तीतल्या विहिरीपर्यंत पोचला. कॉलेजच्या प्रयोगशाळेचं घाण पाणी त्याच नाल्यात सोडलेलं. पर्यावरण शिकवणारे खरमाटे सर वस्तीतच राहायचे. त्यांनी तक्रार केली.

"पुस्तकातलं पुस्तकात ठेवा," संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब म्हणाले.

बापूसाहेबांना नावाची भारी हौस. कॉलेजच्या बाकापासून माठापर्यंत त्यांचंच नाव. सरांनी विद्यार्थ्यांकडून नाल्यावरही सुबक पाटी लावून घेतली: 'बापूसाहेबांच्या सौजन्याने.'

बापूसाहेब कडाडले, "हा काय चावटपणा?"

"साहेब, कॉलेजातून हुशार पोरं बाहेर पडली की आपलं नाव होतं. मग घाण बाहेर पडली, तर नाव कुणाचं लावू?"

महिन्याच्या आत पाणी शुद्ध करायची टाकी बसली. सर पाटी काढायला गेले, तर शेजारच्या भागूमावशी म्हणाल्या, "राहू द्या हो सर, साहेबांचं नाव पहिल्यांदाच आमच्या कामी आलंय."