न केलेल्या खुनाचा विंचू

“जाळून टाकता येईल का, बाबा?”

रोहिदासचं पुन्हा तेच. बसायचा, उठायचा, मनगटावरचा रुमाल सोडायचा, परत आवळायचा.

मी बशीरबाबांचा डबा द्यायला त्यांच्या तकियात, फकिराच्या मठीत, गेले होते. डबा ठेवून निघायचं, पण पाय निघेना. रोहिदास आमच्या शेजारणीचा जावई, नुकताच तुरुंगातून सुटलेला.

“काय जाळायचंय?” बाबांनी विचारलं.

रुमाल सुटला. मनगटावर गोंदलेला विंचू. काळा, नांगी वर.

“आत ज्यानं खून केलाय तोच हा गोंदवून घेतो. चपलेचं रबर जाळून काजळी करतात.”

“तू कुणाला मारलंस?”

“...कुणालाच नाही. विहिरीवरची मोटार चोरली होती.”

“अन् विंचू?”

“मोटारचोराला आत कोण विचारतंय? संडास धुवायला लावतात, वर लाथा घालतात. विंचू आला, तसे सगळे सरकून जागा द्यायला लागले.”

“कुणाला मारलंस, असं कुणी विचारलं नाही?”

“विचारलं की. मी नुसता बघत राहायचो.”

बाबा हसले. “बरं जमलं.”

“हसू नका, बाबा. मंदाला मी सांगितलं होतं, मोटार मी चोरलीच नाही, उगाच गोवलंय. आता ती म्हणते, मोटार चोरली नाहीस, तर मग हा खुन्याचा विंचू कुठून आला? पोरीला घेऊन माहेरी बसलीय. आज संध्याकाळी शेवटचं बोलणं आहे.”

बोलता बोलता तो वाकला आणि चिमट्यानं धुनीतला निखारा उचलला.

बाबांनी त्याचा हात धरला. निखारा खाली पडला.

मग बाबांनी स्वतःची बाही कोपरापर्यंत वर केली. हात कोरा. नुसत्या शिरा.

बाबा खुनाची शिक्षा भोगून आलेत, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. रोहिदासलाही.

“बाबा, तुम्ही तर खरंच...”

“हो.”

“मग तुमच्या हातावर विंचू कसा नाही?”

बाबांनी बाही खाली ओढली. धुनीतलं लाकूड आत सारलं.

“मंदाला काय सांगू?” रोहिदासचा आवाज अगदी बारीक झाला होता.

बाबांनी त्याचा रुमाल उचलून धुनीत टाकला.

“हात उघडा ठेव. आणि आधी मोटारीचं सांग.”