कुलूपवाला फोन

डोंगरांच्या कुशीत एक छोटं राज्य होतं. त्या राज्याच्या सरहद्दीवर हैबतराव नावाचे किल्लेदार होते. माणूस शूर, मिशा झुबकेदार आणि आवाज नगाऱ्यासारखा. खोट एवढीच, की दुसऱ्याचं बरं झालेलं त्यांना बघवत नसे.

एकदा ते हेरखात्याचे प्रमुख निळोपंत यांच्या घरी गेले. दोघे एकाच तालमीत वाढलेले, निळोपंत सहा वर्षांनी धाकटे. गप्पा रंगात आल्या आणि कोपऱ्यातला फोन वाजला. साधाच काळा फोन, पण त्याला किल्ली फिरवायचं भोक होतं. निळोपंत चटकन उठले आणि हात जोडून म्हणाले, "दादा, राग मानू नका. जरा बाहेर बसता?"

हैबतराव बाहेर बसले. आत दार लागलं, खिडकी लागली. एक अक्षर बाहेर येईना. पहारेकऱ्याने सांगितलं, की हा कुलूपवाला फोन, थेट राणीसाहेबांशी बोलायचा. बोलणं तारेत शिरलं, की त्याचा पार चुरा होतो. मध्येच कुणी तारेला कान लावला, तर नुसती फोडणीची चरचर ऐकू येते. पलीकडच्या टोकाला किल्ली फिरवली, की चुऱ्याचं पुन्हा बोलणं होतं. असे फोन साऱ्या राज्यात फक्त चार.

झालं! हैबतरावांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना.

"कालचं पोर ते, आणि मला बाहेर बसवतं!" ते घरी येऊन बायकोवर ओरडले.

"अहो, राज्याचं काम होतं," सगुणाबाई म्हणाल्या. "त्यात तुमचा कसला अपमान?"

"तुला नाही कळायचं!"

खरंच, त्या बिचारीला काय कळणार? हैबतरावांच्या डोक्यात जेवताना फोन, अंघोळ करताना फोन. आपल्याकडे नाही याचं दुःख होतंच, पण निळूकडे आहे याने अंगाची लाही लाही होत होती. हैबतरावांनी राणीसाहेबांकडे अर्जांवर अर्ज धाडले. सरहद्द राखायची मी आणि फोन निळोपंतांना, हा कुठला न्याय? सातव्या अर्जाला राणीसाहेब कंटाळल्या आणि पाचवा फोन मंजूर झाला. सोबत तीन नियम आले. दार लावा, खिडकी लावा, हळू बोला.

फोन बसवायला तारखात्याच्या मथुबाई आल्या. त्यांनी आतली, बिनखिडकीची खोली निवडली.

"तिथं ठेवायला ती काय लोणच्याची बरणी आहे?" हैबतराव कडाडले. "दिवाणखान्यात बसवा. बाजाराकडच्या खिडकीपाशी!"

"साहेब, खिडकीतून आवाज जातो."

"बाई, तुम्ही तार जोडा. बाकीचं मी बघतो."

मग काय विचारता! रोज सकाळी दहाला फोन वाजायचा. हैबतराव मिशीला पीळ देऊन पाहुण्यांना म्हणायचे, "जरा बाहेर बसा." दार मात्र चार बोटं उघडं राही. खिडकी तर सताड उघडी. ती लावली, तर बाजाराला कळणार कसं, आणि बाजाराला नाही कळलं तर निळोपंतांच्या कानावर जाणार कसं? "होय राणीसाहेब! मी हैबतराव बोलतोय!" खालच्या भाजीवाल्या तराजू हातात धरून वर बघत राहायच्या.

त्याच दिवसांत वाघखिंडीच्या ठाण्यावरचा दारूगोळा संपत आला. तिथं हैबतरावांचेच साठ शिपाई होते. गुपचूप दारूगोळा पोहोचला तर ठाणं टिकणार होतं, नाहीतर शत्रू टपलेलाच होता. सकाळी फोन आला. हैबतराव एकेक शब्द मोठ्याने घोळवून म्हणाले, "बुधवारी! वीस खेचरं! ओढ्याच्या वाटेने! समजलं, राणीसाहेब!"

बुधवारी शत्रू ओढ्यात दबा धरून बसला होता. वीसच्या वीस खेचरं त्याने नेली. दोन दिवसांत ठाणं पडलं. साठ शिपायांपैकी नऊ जण परत आलेच नाहीत.

हैबतराव ढसाढसा रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण मनातला हेवा अजून जागाच होता. दरबारात ते म्हणाले, "बातमी तिघांनाच ठाऊक होती. आपण, मी आणि निळोपंत. आता काय ते आपणच ओळखा."

राणीसाहेबांनी निळोपंतांकडून फोनची किल्ली काढून घेतली आणि त्यांना नजरकैदेत ठेवलं. हैबतरावांना त्या दिवशी, शरम वाटावी इतकी, गाढ झोप लागली.

इकडे मथुबाई, तारेला कुणी हात लावला का ते बघत, चार दिवस तारेखालून पायी फिरल्या. तारेवर साधा ओरखडाही नव्हता. दमून त्या हैबतरावांच्या खिडकीखाली पेरू घ्यायला थांबल्या.

"घाई कशाला करता, बाई?" पेरूवाली म्हणाली. "दहा वाजत आले. किल्लेदारांचा फोन ऐकूनच जा. अख्खा बाजार ऐकतो! त्या दिवशी तर एक नवखा कल्हईवाला त्याच्यासाठीच ताटकळत बसला होता. वीस खेचरं म्हटल्याबरोबर जो उठून गेला, तो गेलाच. माझं पातेलं बघा, अर्धंच कल्हई केलेलं."

मथुबाईंनी ते पातेलं मागून घेतलं आणि दरबारात राणीसाहेबांपुढे ठेवलं. सगळी हकीकत सांगितली. निळोपंतांना बोलावून राणीसाहेबांनी किल्ली त्यांच्या हातात परत दिली.

"राणीसाहेब, माझं जरा ऐकून..." हैबतराव पुढे झाले.

एवढ्यात राणीसाहेबांचा फोन वाजला.

"हैबतराव," त्या म्हणाल्या, "जरा बाहेर बसा."

निळोपंतांनी मान खाली घालून दार लावून घेतलं.

बाहेरच्या बाकावर त्या नऊ शिपायांच्या आया दाद मागायला येऊन बसल्या होत्या. त्यातली एक म्हातारी सरकली आणि तिने हैबतरावांना जागा करून दिली.

"बसा, साहेब," ती म्हणाली. "आम्हाला आत कुणी घेईना. तुम्हीतरी सांगा, बातमी फुटली कशी?"

हैबतरावांनी तोंड उघडलं. पण तो नगाऱ्यासारखा आवाज काही केल्या फुटेना.

तात्पर्य: हेव्यापोटी मिळवलेला मान माणूस मिरवत सुटतो, आणि विश्वासाने सोपवलेली गोष्ट मिरवली की तिची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते.