पुठ्ठ्याचं कार्ड

एकदा एक मुलगी पुठ्ठ्याचा तुकडा पिशवीत घालून आपल्या गुरूकडे निघाली आणि वाटेत तीनदा माघारी वळली. तिसऱ्यांदा तर घराच्या फाटकापर्यंत जाऊन आली. एवढ्याशा पुठ्ठ्याचं तिला इतकं ओझं का झालं होतं, ते सांगतो.

मुलीचं नाव कांचन बाविस्कर. राहणारी जळगावची, वय चोवीस, नोकरी एका शाळेच्या प्रयोगशाळेत. दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या आणि संध्याकाळी लोटन मास्तरांच्या दुकानात जाऊन संगणक खोलायला-जोडायला शिकायचं, असा तिचा दोन वर्षांचा नेम होता. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. रेडिओ दुरुस्त करता करता ते टीव्हीवर आले, टीव्हीवरून संगणकावर आले, आणि एवढ्या काळात इतक्या जणांना शिकवलं की गावानंच त्यांना मास्तर करून टाकलं. वय सत्त्याहत्तर. बोलणं मोजकं, आणि तेही बहुतेक वेळा यंत्राशी.

कांचनला संगणकावरच्या खेळांचा नाद होता. नाद म्हटलं की आपल्याकडे लगेच कपाळाला आठ्या पडतात. माझ्याही पडल्या होत्या, खोटं कशाला बोलू? पण ही पोर तयार यंत्र उचलून आणायला निघाली नव्हती. एकेक भाग स्वतः पारखायचा, स्वतःच्या हातानं जोडायचा आणि मग त्यावर खेळायचं, असा तिचा निश्चय होता. त्यासाठी तिनं दोन वर्षं हौसमौज बाजूला ठेवून पैसे साठवले होते. हे एकदाच जमणार होतं. फसलं, तर पुढची दोन वर्षं पुन्हा तेच.

मास्तरांची एक रीत होती. शिष्याच्या पहिल्या यंत्राची वेळ आली, की ते त्याला समोर बसवून विचारत. खेळ कोणता, पडदा केवढा, खोली दुपारी किती तापते, वीज किती वेळा जाते. रंगीबेरंगी दिव्यांची गोष्ट कुणी काढली, तर त्याला सरळ लग्नाच्या मांडववाल्याकडे पाठवत. मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर भागांची यादी लिहून देत. लोक ती यादी अंगाऱ्याच्या पुडीसारखी खिशात जपून नेत आणि बाजारातल्या ओस्तवाल शेठना देत. शेठ पुण्याहून माल मागवत. यादी वाचून पाहण्याची पद्धत नव्हती. मास्तरांनी लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं काय?

कांचननं मात्र वाचली. तिची आई ब्लाउज शिवते आणि कागद बेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. लेकीनं तेच केलं. यादीतल्या प्रत्येक भागाचं छापील माप शोधलं आणि त्या मापाचा पुठ्ठा कापला. मास्तरांनी यादीत लिहिलेलं कॅबिनेट, म्हणजे ज्या पेटीत हे सगळे भाग बसवतात ती पेटी, सरावासाठी तिच्या घरी होतंच. तिनं एकेक पुठ्ठा आत बसवून पाहिला. सगळे बसले. बसलं नाही ते ग्राफिक्स कार्ड, पडद्यावर खेळातली चित्रं उभी करणारा भाग, सगळ्यांत महागडा. ते दोन बोटं लांब होतं.

तिनं पुन्हा मोजलं. आईकडून मोजून घेतलं. दोन बोटं ती दोन बोटंच.

शेठ शुक्रवारी माल मागवणार होते, आणि खोका फोडलेला माल ते परत घेत नसत. कांचननं त्यांच्या कानावर घालून पाहिलं. शेठनी दोन्ही हात जोडले आणि मास्तरांच्या यादीत खोट काढणारे आपण कोण, असं म्हणून तिलाच गप्प बसवलं. गप्प राहावं, तर दोन वर्षांची पुंजी पाण्यात. बोलावं, तर मास्तर दुरावणार. एका शिष्यानं पूर्वी कधी तरी नुसतं ‘का?’ विचारलं म्हणून मास्तर महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते, असं दुकानात सगळे सांगत. आणि या पोरीला वडील नव्हते. डाग लावायचं सोल्डरिंग आयर्न धरायला शिकवणारा, पहिल्यांदा हात भाजला तेव्हा स्वतः फुंकर घालणारा हा म्हातारा तिचं काय होता, ते तिचं तिला ठाऊक.

तरी ती गेली. दुकानात मास्तर होते, दोन गिऱ्हाइकं होती आणि हितेंद्र नावाचा तिचा गुरुबंधू होता. जरा बाजूला बोलायचंय, असं तिनं म्हटलं. मास्तर मान वर न करता म्हणाले, काय असेल ते इथंच बोल. शेवटी तिनं पिशवीतून पुठ्ठ्याचं कार्ड काढलं, टेबलावर त्याच जातीचं एक कॅबिनेट उघडं पडलं होतं, त्यात ते सरकवलं, आणि हात काढून घेतला. पुठ्ठा बाहेर डोकावत राहिला.

मास्तरांनी चष्मा सारखा केला. पुठ्ठा हातात घेतला, उलटा घालून पाहिला, तिरका घालून पाहिला, वितीनं मोजला. मग यादी मागितली. वाचली. खुंटीवरची टोपी घातली आणि दुकानातून चालू पडले.

हितेंद्रला राग आवरेना. परक्या माणसांसमोर सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाचा पाणउतारा करताना जीभ कशी झडली नाही, असं तो तिला बोलला. जीभ तर तिनं वापरलीच नव्हती, पण हे सांगण्याचंही तिला त्राण राहिलं नव्हतं. ती स्टुलावर बसून राहिली. आपण यंत्रही घालवलं आणि मास्तरही, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले.

अर्ध्या तासानं मास्तर परतले, ते पेढ्यांचा खोका घेऊन. खोका अर्धा रिकामा होता, कारण निम्मे पेढे त्यांनी वाटेत वाटले होते. ओस्तवाल शेठना, चपलेच्या दुकानात, चहावाल्याला, पोस्टाच्या पायरीवर बसलेल्या दोघांना. प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं होतं. माझी यादी चुकली, आणि माझ्या कांचननं ती चूक काढली.

त्यांनी पेढा पुढे केला तेव्हा ती रडायलाच लागली. म्हणाली, “मास्तर, हवं तर रागवा, पण अशी चेष्टा करू नका.”

मास्तर तिच्यासमोर बसले. “चेष्टा कसली, पोरी? माझ्या हाताला जुनी कार्डं ठाऊक, वीतभराची. नवी कार्डं दीड वितीची झाली आणि मी माप पाहिलंच नाही. पाहिलं नाही, कारण वीस वर्षांत एकही जण परत येऊन म्हणाला नाही की मास्तर, हे बसत नाही. मला वाटायचं, आपलं चुकत नाही. आज कळलं, चुकत असणारच. ज्यांचं बसलं नसेल, त्यांनी पेटीचा पत्रा कापला असेल आणि गप्प राहिले असतील.”

तेव्हा हितेंद्रची मान खाली गेली. आपणही गेल्या दिवाळीत घरी करवतीनं पत्रा कापला होता, असं तो हळूच म्हणाला. आपल्यालाच जोडता येत नाही असं त्याला वाटलं होतं.

मास्तर कांचनकडे वळले. “ऐकलंस? यानं माझ्यासाठी पत्रा कापला, स्वतःला दोष दिला, आणि मी वर्षभर त्याच्या यंत्राचं कौतुक करतोय. माझी यादी पुष्कळांनी नेली, बाई. तिला माप लावणारी तू पहिली. म्हणजे मी एका तरी माणसाला खरंच शिकवलं. मग आज पेढे वाटायचे नाहीत, तर कधी वाटायचे?”

असं म्हणून त्यांनी आपली यादी फाडली आणि कोरा कागद तिच्यापुढं ठेवला. आता तू लिही, शेठना मी थांबायला सांगितलंय, म्हणाले.

कांचननं आठवडाभर बसून लिहिली. जळगावच्या उन्हाळ्याचा विचार करून हवा खेळणारी पेटी तीच ठेवली, आणि आपल्या पडद्याला लांबलचक कार्डाची गरजच नाही हे ताडून आखूड कार्ड घेतलं. पॉवर सप्लाय चांगल्यातला घेतला, प्रोसेसर थंड ठेवायला मोठा उंच कूलर घेतला. यादी इतकी सुरेख जमली की ती स्वतःच दोनदा वाचून खूश झाली. मास्तरांनी ती हितेंद्रकडे सरकवली. त्यानं टेप काढली, तासभर खुटखुट केली, आणि चाचरत म्हणाला, कूलर अर्धं बोट उंच आहे, झाकण लागणार नाही.

आता गंमत पाहा. कांचनचा चेहरा तापला. ज्यानं घरी पत्रा कापला त्यानं मला शिकवावं, हे वाक्य अगदी तिच्या ओठांवर आलं. चूक लख्ख दिसत होती, अर्ध्या बोटाची तर होती, गुरुबंधूनं दाखवली होती, आणि तरीही ती गिळवत नव्हती. चोविसाव्या वर्षी, चार भिंतींच्या आत, एवढं जड जातंय. मास्तर तर हेच सत्त्याहत्तराव्या वर्षी दुकानोदुकानी, दिवसाढवळ्या सांगत हिंडले होते. त्या दिवशी ते उठून गेले तेव्हा त्यांनी केवढं ओझं उचललं होतं, ते तिला आत्ता कळलं.

ती म्हणाली, “बरोबर आहे तुझं, हितेंद्र. चुकले मी.” आणि स्वतःच्या हातानं ती ओळ खोडून बुटका कूलर लिहिला.

यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झालं. पडद्यावर खेळ उभा राहिला तेव्हा आई होती, शेठ होते, चहावालासुद्धा आला होता. शेठ कौतुकानं म्हणाले, शेवटी यादी मास्तरांचीच. मास्तर, जे कधी आवाज चढवत नसत, ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “माझी नाही. हिची. माझी चुकली होती.” हे सांगताना त्यांची मान अशी ताठ होती की पाहणाऱ्याला वाटावं, बक्षीस यांनाच मिळालंय.

तुमच्या हाताखालच्या माणसानं तुमची चूक तुम्हाला शेवटची कधी दाखवली, ते जरा आठवून बघा. आठवत नसेल, तर खूश होऊ नका.