कोंबडीचं बदक

तळ्याकाठी हंसगुरुजी शाळा भरवत, तेव्हाची ही गोष्ट. कोंबडीने उबवलेल्या बदकाच्या एका पिल्लाला, पिवळीला, त्या शाळेचा ध्यास लागला होता. शाळा सगळ्यांना खुली होती. फक्त पलीकडच्या काठापर्यंत पोहून जाईल त्यालाच प्रवेश मिळे.

तळ्यातल्या पिल्लांना पाणकावळ्याची उन्हाळाभर शिकवणी होती. परीक्षेच्या दिवशी ती सरसर पलीकडे पोचली. पिवळी जेमतेम कमळांपर्यंत गेली आणि दमून परतली.

“परीक्षा सगळ्यांना सारखीच होती, बाई,” हंसगुरुजी कोंबडीला म्हणाले.

“गुरुजी, मला पोहायला शिकवता आलं असतं, तर हिला तुमच्या दारी कशाला आणलं असतं?”

गुरुजींनी पुढच्या पिल्लाला हाक मारली.

अंगणात कोंबड्यांना पाणी प्यायला मातीचं परळ ठेवलेलं असतं. पिवळी रोज त्यात उभी राहते, तळ्याकडे तोंड करते आणि पाय मारत राहते.