पाणमांजरीचे अर्धे धडे

सागाच्या जंगलातून एक नदी वाहत होती. काळ्या खडकांना वळसा घालून ती जिथे खोल डोहात उतरे, तिथे काठावरच्या बिळात एक पाणमांजरी आपल्या पाच पिल्लांसह राहत असे. मुलांनो, पाणमांजर तुम्ही कदाचित पाहिले नसेल. लांबोळके अंग, जाड शेपटी, बोटांमध्ये पडदे आणि नाकाशेजारी ताठ मिशा असलेला हा प्राणी माशाच्या मागे लागला तर माशाला पळता भुई थोडी होते. पण गंमत अशी, की त्याला जन्मतः पोहता येत नाही. पाणमांजराचे पिल्लू पाण्याला चक्क घाबरते. पोहणे, बुडी मारणे, मासा धरणे, सगळे त्याला कुणीतरी शिकवावे लागते.

या पाणमांजरीची थोरली, मधला आणि तिसरी ही तीन पिल्ले आता शिकण्याच्या वयाची झाली होती. त्यांच्या पाठची दोन जुळी मात्र अगदीच तान्ही होती. नुकतेच कुठे त्यांचे डोळे उघडले होते आणि ती दुडदुडू नि बोबडे बोलू लागली होती. जुळी जन्मायच्या आधीच त्यांचे वडील माणसांनी नदीत लावलेल्या एका जाळ्यात अडकून मरण पावले होते. त्यामुळे मासे आणणे, दूध पाजणे आणि शिकवणे, सगळे त्या एकटीवर आले होते.

नदीच्या वरच्या अंगाला, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, एका तळ्याकाठी राखी बगळ्याची शाळा होती. जंगलातली बहुतेक पिल्ले तिथेच शिकत. बगळा मोठा शिस्तीचा. एका वेळी एकच विषय, आणि तो संपेपर्यंत कुणी पंखसुद्धा हलवायचा नाही. पण तान्ह्या पिल्लांना तिथे मज्जाव होता. जुळ्यांना सोडून पाणमांजरीला तिघांना पोचवायला जाता येईना, आणि पाचही जणांना घेऊन एवढी वाट चालणे तिच्याने होईना. "घरीच शिकवीन," असे ती म्हणाली आणि कामाला लागली.

आता तिचे धडे कसे चालत ते ऐका. सकाळी ती तिघांना उथळ पाण्यात बसवी, जुळ्यांना पाठीवर घेई आणि सांगू लागे, "आज खेकडा. खेकडा समोरून धरायचा नाही. त्याच्या मागून जायचं आणि..." एवढ्यात एक तान्हे पाठीवरून घसरून चिखलात पडे. त्याला मानगुटीला धरून ती वर काढी, तोवर दुसऱ्याने खेकड्याला हुंगायला नाक पुढे केलेले असे आणि खेकड्याने ते नाक धरलेले असे. मग रडारड. आई त्याला पाजायला बसे आणि खेकडा दगडाखाली पसार होई.

"आई, 'आणि'च्या पुढे काय?" मधला विचारी.

"सांगते रे. यांना जरा निजू दे."

जुळी काही निजत नसत. मग थोरली त्यांतल्या एकाला पोटाशी घेई आणि खेकड्याचे रिकामे कवच त्याच्यापुढे धरून म्हणे, "हे बघ, इथून धरायचं. इथून धरलं तर चावतो." दुसऱ्याला तिसरी घेई. तिला स्वतःलाच अजून धड बुडी मारता येत नव्हती, पण तान्ह्याला ती मोठ्या ऐटीत सांगे, "आधी नाक मिटायचं, मग डोकं खाली."

सर्वांत अवघड धडा जाळ्याचा. काठाला वाहून आलेला जुन्या जाळ्याचा एक तुकडा पाणमांजरीने जपून ठेवला होता. तो पाण्यात सोडून ती म्हणे, "जाळं पाण्यात दिसत नाही. म्हणून डोळ्यांवर विसंबायचं नाही. डोळे मिटा, मिशा पुढे करा. पाणी थरथरलं की जागीच थांबा. आणि अडकलात तर धडपडू नका. गाठ चावायची नाही, गाठीत दात अडकतो. धागा चावायचा, एका वेळी एकच." बुडीतला श्वास मोजायला तिने एक मोजणीही केली होती. 'एक मासा, दोन मासे, तीन मासे' असे म्हणत जायचे, आणि 'दहा मासे' झाले की तोंडाशी आलेली शिकार सोडून वर यायचे. हा धडा तिने निदान दहा-अकरा वेळा सुरू केला असेल. तो एकदाही शेवटापर्यंत गेला नाही. कधी धाग्यापाशी मोडला, कधी मिशांपाशी. दिवस मावळला की तिचे मन तिला खाई. बगळ्याची मुले केवढी पुढे गेली असतील आणि आपली अजून 'आणि'पाशीच अडली आहेत, असे तिला वाटे.

एके दिवशी बगळा स्वतःच उडत आला आणि खडकावर एका पायावर उभा राहिला. पाणमांजरीने लगबगीने तिघांना त्याच्यासमोर बसवले.

"बाई," बगळा म्हणाला, "तुमची मुलं घरी शिकतात असं ऐकलं. पाहू तरी काय शिकतात." मग त्याने थोरलीला विचारले, "जाळं कसं ओळखावं?"

"डोळे मिटायचे," थोरली सांगू लागली, "मग मिशा..." तेवढ्यात एक तान्हे खडकाच्या कडेला गेले. उत्तर तसेच टाकून थोरलीने झेप घेतली आणि त्याला मागे ओढले. बगळ्याने मधल्याकडे पाहिले, तर त्याच्या शेपटीवर दुसरे तान्हे बसले होते आणि तो हसत होता.

"अर्धं उत्तर," बगळा शांतपणे म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. "बाई, तुमचे कष्ट दिसतात मला. पण मोडकातोडका धडा म्हणजे फुटकी घागर. त्यात पाणी राहत नाही. आठ दिवसांनी मी पुन्हा येईन, यांची परीक्षा घेईन. उत्तरं आली नाहीत, तर तिघांना माझ्याबरोबर घेऊन जाईन. तिकडेच राहतील, शिकतील."

पाणमांजरीने तिघांना पोटाशी घेतले. पण मुलांचे नुकसान व्हावे असे कुठल्या आईला वाटेल? "बरं, गुरुजी," ती म्हणाली.

आठ दिवस तिने जिवाचे रान केले. धडे मोडायचे ते मोडतच राहिले. परीक्षेच्या दिवशी मुलांची पोटे तरी भरलेली असावीत म्हणून उजाडताच ती एकटीच डोहात उतरली. डोक्यात सारखी परीक्षा घोळत होती. थोरलीला काय विचारतील, मधला नीट बसेल का, या विचारात तिने बुडी मारली, आणि जी गोष्ट ती मुलांना रोज सांगे तीच नेमकी विसरली. मिशा पुढे करायच्या राहून गेल्या.

डोहाच्या तोंडाशी माणसांनी आदल्या दिवशी जाळे लावले होते. वरची दोरी तरंगावी म्हणून तिला सुके भोपळे, खालच्या दोरीला दगड. पाणमांजरीची मान आणि पुढचा एक पाय त्यात अडकला. मागचे पाय जोरात मारले तर नाक जेमतेम पाण्याबाहेर येई. पाय थांबले की दगड तिला खाली ओढत. तोंडाजवळचा एकही धागा दातांत येत नव्हता.

तिने नाक वर काढून सगळे बळ एकवटले आणि दोनदा शीळ घातली. दोन शिळा म्हणजे 'धोका आहे, बिळात जा.' मुले इकडे आली तर तीही अडकतील, एवढीच भीती तिच्या मनात होती.

मुलांनी शीळ ऐकली. पण ती बिळात गेली नाहीत. थोरली एका तान्ह्याला तोंडात धरून आली, तिच्यामागे तिसरी दुसऱ्याला घेऊन आली. त्यांनी जुळ्यांना पाण्यालगतच्या एका सपाट खडकावर ठेवले. मधला तर सरळ पाण्यात उडीच टाकणार होता.

"थांब," थोरली म्हणाली. "आई दिसते, जाळं दिसत नाही. डोळे मीट."

पाय मारता मारता पाणमांजरीने ते ऐकले. ते शब्द तिचेच होते. थोरलीने डोळे मिटले, मिशा पुढे केल्या आणि इंचाइंचाने सरकत जाळ्याची कड शोधली. "इथवर आहे. ह्याच्या पुढे जाऊ नकोस. गाठ नाही, धागा. एका वेळी एक." एवढी पुरी वाक्ये आपण त्यांना कधी सांगितली, हे आईला आठवेना. आपण तर तुकडे दिले होते. ते सांधले कुणी?

तिसरी जाळ्याच्या अलीकडून आईच्या हनुवटीखाली शिरली आणि आपल्या इवल्याशा डोक्याने तिने आईचे नाक पाण्याबाहेर धरले. डोके पाण्याखाली घालायला घाबरणारी हीच ती तिसरी! मधूनच श्वास घ्यायला ती वर येई आणि लगेच पुन्हा आईच्या हनुवटीखाली शिरे.

मधल्याने बुडी मारली. एक धागा तुटला, मग दुसरा. एरवी क्षणभर स्वस्थ न बसणारा मधला आज एकेक धागा निवडून, दाढेखाली घेऊन, सावकाश कापत होता. पण आईला आत अडकलेली पाहून त्याला वर येण्याचे भान राहिले नाही. तो खालीच राहिला. आईला ते दिसत होते, पण तोंडात पाणी जात होते, ओरडता येईना. थोरली जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला होती, तिचे लक्ष नव्हते.

तेव्हा खडकावरून एक बारीक आवाज आला.

"...आत माचे, नऊ माचे, दहा माचे. वल ये."

आणि दोन चिमुकल्या पंजांनी पाण्यावर थाप मारली. थप.

ती थाप पाण्यातून मधल्याच्या कानांत गेली. तो दचकला, धागा सोडून वर आला, मोठा श्वास घेऊन पुन्हा खाली गेला. खडकावर ती जुळी एकमेकांना चिकटून, अंगावर पाणी उडत असताना, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. "एक माचा, दोन माचे." दहा झाले की थप. मधला वर येई, श्वास घेई, खाली जाई. कुणी त्यांना मोजायला सांगितले नव्हते. दहापर्यंत मोजणे कुणी त्यांना शिकवलेही नव्हते. पाणमांजरी त्या दोघांकडे पाहतच राहिली. आपण मरणाच्या दारात आहोत, हे काही क्षण ती विसरून गेली.

एव्हाना बगळाही परीक्षा घ्यायला येऊन काठच्या खडकावर एका पायावर उभा होता. काय चालले आहे ते त्याच्या ध्यानात आले. सल्ला द्यावा म्हणून त्याने तीनदा चोच उघडली आणि तीनदा मिटली. सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. थोरली तान्ह्यांच्या मोजणीवर एक कान ठेवून मधल्याला दिशा सांगत होती, मधला कापत होता, तिसरी आईला तोलून धरत होती. पाचही जणांत मिळून एकच धडा चालला होता आणि तो कुठेही मोडत नव्हता.

सातव्या की आठव्या बुडीला शेवटचा धागा तुटला. पाणमांजरी जाळ्यातून सुटली आणि खडकापाशी येऊन आडवी झाली. पाचही पिल्ले तिच्या अंगावर पडली. मग तिने जुळ्यांना जवळ ओढले आणि विचारले, "बाळांनो, हे मोजायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. प्रश्नच त्यांना नवलाचा वाटला.

"तू," त्यांतले एक म्हणाले. "तू ताईला छांगत होतीच ना? आमी पाथीवल होतो."

मुलांनो, पाणमांजरीला त्या वेळी काय वाटले असेल! रोज ज्यांच्यामुळे धडा मोडतो असे तिला वाटत होते, ती दोघे त्या धड्याच्या सर्वांत जवळ बसलेली होती. आणि जे तुकडे वाहून गेले असे ती समजत होती, ते थोरलीने आणि तिसरीने या तान्ह्यांना सांगता सांगता एकत्र करून ठेवले होते. तिचे डोळे भरून आले. भीतीने नव्हे, तर एखादा डोंगर पहिल्यांदा पाहावा तशा नवलाने ती आपल्याच पिल्लांकडे पाहत होती.

बगळा खडकावरून खाली उतरला आणि त्या दिवशी प्रथमच दोन्ही पायांवर उभा राहिला. "बाई," तो म्हणाला, "परीक्षा झाली. इतकी वर्षं मी शिकवतोय, पण माझ्या एकाही मुलानं दुसऱ्याला शिकवलेलं मी पाहिलं नाही. मी त्यांना कधी बोलूच दिलं नाही." मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "उद्या तुम्ही काय शिकवणार आहात? मी येऊन बसलो तर चालेल का?"

"या ना, गुरुजी," पाणमांजरी म्हणाली. एक तान्हे तिचा कान ओढत होते आणि दुसऱ्याने दुधासाठी भोकाड पसरले होते. "पण काय शिकवायचं ते आत्ताच कसं सांगू? उद्या यांतलं कोण आधी उठतं, त्यावर ते ठरेल."

तात्पर्य : प्रेमाने दिलेला धडा मध्येच मोडला तरी वाया जात नाही, मोठी मुले तो धाकट्यांना सांगून पुरा करतात आणि धाकटी तो सहवासातून नकळत उचलतात.