दोनशे सतराव्या जागेचा ठोकळा

“दोनशे सतरा कुठंय?”

“आहे की, चाचा. हे बघा.” कादंबरीनं पडद्यावर बोट ठेवलं. “दोनशे सतरा. गुऱ्हाळाची माहिती. चौऱ्याण्णव पानं.”

हुसेनचाचा मुलाणींनी चष्मा कपाळावर चढवला. वाचायचं असलं की चष्मा वर आणि नसलं की नाकावर, अशी त्यांची उलटीच रीत.

“ते दोनशे अठ्ठावीस,” ते म्हणाले.

“होतं. आता दोनशे सतरा आहे.”

“कधीपासून?”

“परवापासून.”

“असं...” चाचांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. म्हणजे वाचून झालं होतं.

चाचा हे लोकसेवा वाचनालयाचे ग्रंथपाल. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. पण किल्ली परत मागायचं कुणाला आठवलं नाही, आणि चाचांनीही कुणाला आठवण करून दिली नाही.

आणि कादंबरी डुबल ही ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी. बापानं मोठ्या हौसेनं नाव ठेवलं कादंबरी. पोरगी बोलायची मात्र अहवालासारखी. वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांचा डिजिटल संग्रह उभा करायचा, हा तिचा परीक्षेचा प्रकल्प. आठ महिने ती रोज एसटीनं येत होती. स्कॅनरचं झाकण उघड, पुस्तक काचेवर पालथं घाल, झाकण लाव, उजेड सरकला की पान उलट. पहिल्या महिन्यात तिला हे ज्ञानाचं काम वाटलं. तिसऱ्या महिन्यात पुण्याचं. आता नुसतं मानेचं.

उद्या सकाळी अकराला सगळं विद्यापीठात द्यायचं होतं. सोबत चाचांच्या सहीचं पत्र, की काम पुरं झालं. पत्र नाही, तर वर्ष गेलं.

“त्याचं काय आहे, चाचा,” तिनं डोळे चोळले. “दाखल नोंदवहीत तीनशे सव्वीस पुस्तकं आहेत. कपाटात सापडली तीनशे नऊ. मधल्या सतरा जागा रिकाम्या. संगणक प्रत्येक रिकाम्या जागेला लाल रेघ मारतो. आमचे सर म्हणाले, यादीत एक जरी लाल रेघ दिसली तर पुढच्या वर्षी या. मग मी सगळी वर सरकवली. एक ते तीनशे नऊ. सलग.”

“सलग.”

“हो. एकदम स्वच्छ.”

“आणि ठोकळे?”

ठोकळ्यांची गोष्ट अशी. नेलेलं पुस्तक वर्षभर परतलं नाही, की चाचा कपाटात त्या जागी पुस्तकाएवढा लाकडी ठोकळा उभा करायचे. त्यावर कागद डकवलेला. क्रमांक, पुस्तक, नेणाऱ्याचं नाव आणि कशासाठी नेलं ते. सतरा पुस्तकं गेली, सतरा ठोकळे उभे राहिले.

“पोत्यात भरलेत. दाराशी ठेवलंय पोतं. उद्या घंटागाडी येईल, ती नेईल.”

टेबलाच्या पलीकडं कुणीतरी खोकलं. ते कुंभारगुरुजी. त्यांच्या शेजारी शेवाळे, एसटीचे निवृत्त कंडक्टर. दोघं रोज एकच पेपर अर्धा अर्धा वाचायचे आणि भांडायचे मात्र पूर्ण.

“चाचा, दोनशे सतरा कुणाकडं होतं हो?” शेवाळेंनी विचारलं.

“सखूबाई लोहार. घरगुती औषधांचं पुस्तक. पोराला खोकला झालाय म्हणून घेऊन गेली.”

“सखूबाई? ती तर वारली की!”

“तेरा वर्षं झाली,” गुरुजी म्हणाले.

“चौदा,” शेवाळे म्हणाले, आणि दोघं त्यावरून सुरू झाले.

“बघा!” कादंबरीला जोर आला. “पुस्तक नाही. नेणारी बाई नाही. जे नाहीच, त्याची नोंद ठेवायची कशाला?”

“जे आहे ते दिसतंय की,” चाचा म्हणाले. “त्याला माझी काय गरज?”

कादंबरीनं लॅपटॉप मिटला. ती इतकी दमली होती, की कोड्यात बोलणाऱ्या माणसाचा राग यायचा, तोही येईना.

“चाचा, सही करा हो. साडेचारची गाडी आहे मला.”

“करतो. तू आधी चहा पिऊन ये. तोंड बघ, भिजलेल्या पेपरासारखं झालंय.”

ती गेली. टपरीवर चहा प्याली, ग्लास हातात असतानाच डोळे मिटले, चहावाल्यानं “ताई, संपला” म्हटल्यावर उघडले. एकूण दहा मिनिटं.

परत आली, तर तिची जागा नव्हती.

म्हणजे टेबल होतं. पण सकाळी त्याच्याभोवती चार खुर्च्या होत्या, आता तीनच, अगदी सारख्या अंतरावर. तिच्या जागी कुंभारगुरुजी, गुरुजींच्या जागी शेवाळे, शेवाळेंच्या जागी चाचा. तिचा लॅपटॉप खिडकीत. आणि चौथी खुर्ची कपाटावर, पाय वर करून.

“माझी खुर्ची?”

“काढली,” चाचा म्हणाले.

“का?”

“तू नव्हतीस. मधेच रिकामी जागा बरी दिसेना. मग आम्ही सरकलो. सलग.”

शेवाळेंनी मिशी दातात धरली होती. गुरुजी फार गंभीरपणे पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

“अहो, पण मी चहाला गेले होते! मी परत येणार होते ना!”

...

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. शेवाळेंचं हसू मिशीतल्या मिशीत जिरलं.

कादंबरी दारातच उभी होती. बारीक आवाजात तिनं विचारलं,

“आणि... मी आलेच नसते तर?”

“तर काय? खुर्ची काय भाकरी मागत होती?”

गुरुजींनी खुर्ची खाली काढून दिली. शेवाळेंनी लॅपटॉप आणून ठेवला. त्याच्याखाली पत्र होतं. काम पुरं झालं. खाली चाचांची सही, तारखेसकट. ती चहाला गेली तेव्हाच केलेली.

“सही झालीय,” चाचा म्हणाले. “जा आता.”

“गाडी दहा मिनिटांत,” शेवाळे म्हणाले. नोकरी सुटली तरी घड्याळ सुटलं नव्हतं.

कादंबरीनं पत्राची घडी केली. पिशवीत घातली. यादी स्वच्छ होती. सही हातात होती. चाचांना नमस्कार करून ती निघाली.

दाराशी पोतं होतं. ओलांडायला तिनं पाय उचलला.

तो तसाच राहिला.

मग पिशवी खांद्यावरून उतरली, आणि पोतं फरशीवरून घासत घासत आत आलं.

“अगं, गाडी जाईल!” गुरुजी ओरडले.

“जाऊ दे.”

“सहाची आहे,” शेवाळे म्हणाले. “पण ती म्हशीसारखी येते. मनात आलं तर.”

तिनं लॅपटॉप उघडला. एकेक क्रमांक जुन्या जागी नेऊ लागली. तीनशे नऊचं पुन्हा तीनशे सव्वीस झालं. गुऱ्हाळ दोनशे अठ्ठावीसवर गेलं. मधे एकेक लाल रेघ उमटत गेली. सरांचा चेहरा दिसत होता. पुढच्या वर्षी या.

सतरा रेघा. मोजून.

साडेपाच वाजले. गुरुजी नि शेवाळे घरी जायचं विसरले होते.

नोंदी भरायला तिनं दोनशे सतरापासून सुरुवात केली, आणि तिथंच अडली. पुस्तकाचं नाव लिहिलं, सखूबाईंचं नाव लिहिलं. रेघ लालच.

“पानाचं चित्र लावल्याशिवाय हा नोंद घेत नाही, चाचा.” तिच्या आवाजात आता काही शिल्लक नव्हतं. “पुस्तकच नाही, तर चित्र कसलं लावू?”

चाचा उठले. गुडघ्यावर हात टेकत टेकत पोत्याशी गेले. तीन ठोकळे चाळून चौथा काढला, सदऱ्याला पुसला, आणि स्कॅनरचं झाकण उघडून काचेवर ठेवला. पालथा. ती रोज पुस्तक ठेवायची तसा.

“चाचा... लाकूड आहे हे.”

“मला ठाऊकंय. त्याला कुठं ठाऊकंय?”

ठोकळा जाड. झाकण काही बसेना. कादंबरीनं दोन्ही हातांनी ते दाबून धरलं, अंग टाकून. उजेड डावीकडून उजवीकडं सरकला.

पडद्यावर पिवळा कागद आला. फुटलेली शाई, चाचांचं तरणं अक्षर. २१७. सखूबाई लोहार. पोराला खोकला.

लाल रेघ काळी झाली.

सोळा उरल्या. कादंबरीचं डोकं हळूच झाकणावर टेकलं. हात होते तिथंच, दाबलेले.

चाचांनी तिच्या पाठीवर थोपटलं.

“हात काढ, पोरी. सखूबाई यायची आहे अजून.”