शिट्टीपुरता श्वास

“मास्तर, रविवारच्या निवड सामन्याला दुसरा पंच बघू का?”

जालिंदर विचारत होता. आमच्या खो-खो संघाचा कप्तान, चार-चार मिनिटं कुणाच्या हाती न लागणारा गडी. त्या संध्याकाळी मात्र तो खांबाजवळ बाद झाला होता, आणि शिट्टी भैरू मास्तरांनी वाजवली होती.

“का रं?”

“सासष्ट वय झालं तुमचं. पळायचं आम्ही. तुम्ही नुसतं रेषेकडनं चालायचं, तरी नजर चुकती.”

आम्हाला राग आला. मास्तरांना आला नाही. त्यांनी खिशातली जादा शिट्टी त्याच्या हातावर ठेवली.

“सकाळी सरावाला एका अंगाला तू पंच, दुसऱ्या अंगाला मी.”

सकाळी डाव सुरू झाला. पळणारा खांबाला वळला की जालिंदरलाही कडेनं वळावं लागे, तेही नजर न हलवता.

पहिले तीन गडी बाद झाले. ताजे तीन उतरले. तेही गेले, आणखी तीन उतरले. जालिंदर तोच होता.

आठव्या मिनिटाला पाठलागावरच्या सुदामनं सूर मारला. त्याची बोटं पळणाऱ्याच्या टाचेला लागली. जालिंदरनं ते स्वच्छ पाहिलं आणि शिट्टी फुंकली...

नुसती हवा आली.

सुदाम धुळीत पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत राहिला. गुडघा सोलला होता त्याचा.

तेवढ्यात पलीकडून मास्तरांची शिट्टी वाजली. खणखणीत.

डाव संपल्यावर जालिंदर गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. मास्तर आले. चेहरा रोजचाच.

“तुम्हाला दम लागत न्हाई?”

मास्तरांनी त्याचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला.

जालिंदर दचकला. आत जी धडधड चालली होती, ती त्याच्या स्वतःच्या छातीत कधी चालली नव्हती. त्याला हात काढवेना.

“मास्तर... काल माझ्या पाठीला हात लागला होता.”

“ठावं हाय.”

“रविवारी तुम्हीच उभं राहा.”

मास्तरांनी मान डोलावली.

“पण एवढा दम लागलाय, आन् तरी शिट्टी वाजली कशी?”

मास्तरांनी शिट्टी सदऱ्याला पुसली.

“तिला कळू देत न्हाई.”